तासाला आठ वेळा हवा

क्रुश्कोवोत वारा दोन प्रकारचा असतो. एक बाहेरचा. तो डोंगरावरून उतरतो, टोप्या उडवतो, कौलं उडवतो. एका हिवाळ्यात तर त्यानं धर्मगुरूंचा बोकड उचलून थेट चर्चच्या घंटेशेजारी नेऊन ठेवला, आणि बोकडानं पुढचा आठवडाभर धडका देऊन तासांचे टोले घंटा वाजवणाऱ्यापेक्षा अचूक दिले. या वाऱ्याला कुणी भीत नाही. दुसरा वारा घरातला. एका खिडकीतून येतो, समोरच्या खिडकीतून जातो. दोन भोकं समोरासमोर आली की झालं. त्याला म्हणतात प्रोमाया, आणि हा शब्द क्रुश्कोवोतली माणसं आधी दार लावून घेऊन मग उच्चारतात.

प्रोमायानं मान धरते. मूत्रपिंडं गारठतात. तोंड वाकडं होतं. बायकांना मुलं होत नाहीत, आणि ज्यांना आधीच झालेली असतात त्यांची मुलं ऐकेनाशी होतात. म्हणून तर ऐन जुलैत, अडतीस अंशांच्या उकाड्यात, क्रुश्कोवोची बस सगळ्या खिडक्या घट्ट लावून येते. आतली माणसं उतरतात तेव्हा वाफवलेल्या कोबीसारखी दिसतात, पण माना सरळ असतात.

डॉक्टर स्मिल्यानाला हे नव्यानं कळलं असं मुळीच नाही. ती पलीकडच्याच खेड्यातली. लहानपणी तिलाही ओल्या केसांनी दारात उभं राहिलं म्हणून धपाटे बसले होते. पण मधली नऊ वर्षं तिनं बेलग्रेडमध्ये काढली. अकरा खुर्च्यांचा दातांचा दवाखाना, त्यातली सातवी खुर्ची तिची. तिची म्हणजे तिनं उभं राहायची. मालक मागं हात बांधून फिरायचा आणि दर रुग्णामागे घड्याळाकडे बघून खोकायचा. नवव्या वर्षी एके दिवशी तो खोकला आणि स्मिल्यानाच्या हातातला आरसा रुग्णाच्या तोंडातच राहिला. तिनं हातमोजे काढले आणि म्हणाली, "आता मी माझ्या खुर्चीशी उभी राहणार."

तर ती खुर्ची तिला क्रुश्कोवोत मिळाली. डॉक्टर व्हुकाशिन एकेचाळीस वर्षांनी निवृत्त झाले आणि त्यांचा दवाखाना तिनं विकत घेतला. त्यात काय काय आलं? दोन खोल्या आल्या. एक खुर्ची आली, जी मागं झुकायची एका बोटानं पण सरळ करायला दोन माणसं लागायची. कॉम्प्रेसर आला, तो संडासात बसवलेला होता आणि कुणी आत जाऊन बसलं की नेमका तेव्हाच धडधडायला लागायचा. चौदाशे रुग्णांची कार्डं आली. सिस्टर दोब्रिला आली, जी एकतीस वर्षं तिथं होती आणि हसताना, बोलताना, रागावतानाही तोंडावर हात धरायची. आणि खरेदीखतात कुठंही लिहिलेलं नसताना खुद्द डॉक्टर व्हुकाशिन आले.

दवाखाना विकला म्हणून सवय थोडीच विकली होती त्यांनी? रोज सकाळी आठ वाजता पेपर काखेत घेऊन यायचे, बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, आणि दोब्रिला त्यांना न विचारता कॉफी आणून द्यायची. स्मिल्यानाला विचारूनही द्यायची नाही. मग एकेक रुग्ण आत जाता जाता त्यांच्यापुढं वाकायचा.

"डॉक्टरसाहेब, जरा बघता का?"

व्हुकाशिन पेपर खाली न ठेवता कॉफीच्या चमच्यानं त्याचा गाल बाजूला करायचे.

"काढावी लागेल."

एकेचाळीस वर्षं त्यांचं निदान हेच होतं आणि ते एकदाही चुकलं नव्हतं, कारण काढलेली दाढ पुन्हा येऊन तक्रार करत नाही. स्मिल्याना आतून हाक मारेपर्यंत रुग्णाचा निकाल लागलेला असायचा. ती एक्स-रे काढायची, वेगळं काही सांगायची, आणि रुग्ण नम्रपणे म्हणायचा, "बरोबर आहे डॉक्टरीणबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पण मालक काय म्हणतात ते ऐकून येतो."

"मालक मी आहे!"

"हो, हो. तुम्ही पण."

हे सगळं तिनं गिळलं असतं. गिळत होतीच. पण परवान्याचं घोडं अडलं होतं. व्हुकाशिनांचा परवाना त्यांच्याबरोबर निवृत्त झाला होता आणि नवा परवाना नव्या मालकाच्या नावानं, नव्या नियमांनी मिळणार होता. नव्या नियमांत बाकी सगळं तिनं पुरं केलं. उरली एक ओळ. उपचाराच्या खोलीतली हवा तासाला आठ वेळा बदलली पाहिजे, आणि तीही खुर्चीत रुग्ण असताना, काम चालू असताना. निरीक्षक तीनदा येणार, पंधरा मिनिटं उभं राहून मोजणार. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर फाइल बंद, दाराला लाखेचं सरकारी सील, आणि पुन्हा अर्ज थेट पुढच्या वसंतात. तोवर ती काय करणार होती? सातवी खुर्ची अजून रिकामी आहे, असा निरोप बेलग्रेडच्या मालकानं एकदा पाठवलाही होता. शेवटी खोकल्याचा आवाजही होता म्हणे.

तिनं हवायंत्र बसवलं. एका भिंतीतून बाहेरची हवा आत घेणारं, समोरच्या भिंतीतून आतली बाहेर फेकणारं. तुमच्या लक्षात आलंच असेल. समोरासमोर दोन भोकं.

यंत्राखाली बसणारा पहिला रुग्ण ग्वोझ्देन. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. नावाचा अर्थच लोखंडी, आणि अंगानं तसाच. एकदा जॅक सापडेना तर त्यानं ट्रॅक्टर खांद्यावर धरून ठेवला आणि बायको जॅक शोधून येईपर्यंत उभ्यानं झोप काढली. तो खुर्चीत बसला. गळ्याला कागदी फडकं बांधलं. स्मिल्यानानं बटण दाबलं. गुणगुण सुरू झाली आणि फडक्याचं टोक जरासं, अगदी जरासं हललं.

ग्वोझ्देननं तोंड मिटलं.

"हे काय आहे?"

"हवा बदलते, ग्वोझ्देनकाका."

"का? आहे ती काय वाईट आहे?"

"आ करा."

"आधी ते बंद करा."

"बंद करता येत नाही. नियम आहे. आ करा ना, दोन मिनिटांचं काम आहे."

"डॉक्टरीणबाई," ग्वोझ्देन खुर्चीत उठून बसला, आणि ती खुर्ची एकट्यानं सरळ करणारा तो पहिला माणूस ठरला. "माझा काका दोन खिडक्यांच्या मधे उभा राहून जांभई द्यायला गेला. नुसती जांभई. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एप्रिलमध्ये उघडलं, ते जुलैत सेंट पीटरच्या दिवशी मिटलं. काकी त्याला नरसाळ्यानं सूप पाजायची. चिमण्यांनी घरटं करायचा प्रयत्न केला. आणि तुम्ही मला म्हणता, आ करा?"

"काका, हवेनं असं काही होत नाही. जबड्याचा सांधा असतो, तो कधीकधी..."

"सांधा होताच की. त्यातच शिरला वारा."

तो गेला. गळ्यातलं फडकं तसंच. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं ते धुऊन, इस्त्री करून परत पाठवलं. कागदी फडक्याला इस्त्री कशी केली हे त्या माउलीलाच ठाऊक.

त्यानंतर क्रुश्कोवोत एकच विषय. स्मिल्यानानं चित्र काढून भिंतीवर लावलं. हवा इथून येते, इथून जाते, जंतू घेऊन जाते. लोकांनी चित्र मन लावून पाहिलं आणि बाणाच्या रेषेत जी खुर्ची होती ती सरकवून कोपऱ्यात नेली.

निरीक्षक पहिल्यांदा आले. त्यांचं नाव ल्युबिसाव, लांब मानेचा माणूस, कडक कॉलर, हातात चामडी पिशवी. पिशवीतून त्यांनी कागदाची एक पट्टी काढली आणि यंत्राच्या तोंडापाशी धरली. पट्टी हलली तर हवा येते. यंत्र गुणगुणत होतं. पट्टी मात्र गुमान लोंबत राहिली, जशी काही तिला वाऱ्याशी कर्तव्यच नाही.

"हवा नाही," ल्युबिसावांनी लिहिलं.

"असं कसं? काल तर..." स्मिल्याना स्टुलावर चढली, जाळी काढली आणि आत हात घातला. हाताला लोकर लागली. तिनं ओढलं. आधी एक बाही आली, मग दुसरी, मग व्हुकाशिनांचा हिवाळ्यातला अख्खा तपकिरी स्वेटर.

तिनं दोब्रिलाकडे पाहिलं. दोब्रिलानं तोंडावर हात धरला.

"माझ्या तोंडाकडे काय बघता? बावीस वर्षांची कंबर आहे माझी."

"काय?"

"म्हणजे कंबरदुखी. बावीस वर्षांची. ते यंत्र चालू असलं की मला इथं कळ येते." तिनं दुसऱ्या हातानं दाखवलं, आणि दाखवलं ते गुडघ्याकडे.

बाहेरून व्हुकाशिनांचा आवाज आला, "माझा स्वेटर सापडला का?"

दुसऱ्या खेपेला स्मिल्यानानं जाळीला चार स्क्रू मारले आणि स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या खिशात ठेवला. यंत्र उत्तम चालत होतं. पण खुर्चीत रुग्ण हवा. त्या दिवशी सतराजणांना वेळ दिलेली होती. एकाच्या घरी अचानक कुलदैवताचा सण निघाला, जुलैत न येणारा. एकाची गाय व्यायली. एकजण, दोब्रिलानं फोनवर ऐकलेलं खरं मानायचं तर, वारला होता, आणि हे तो स्वतःच कळवत होता. सोळा गेले. सतरावी एक म्हातारी बिचारी आली, बसली, तोंडही उघडलं. ल्युबिसावांनी पट्टी धरली, पट्टी फडफडली, आणि म्हातारी तिचा आवाज ऐकून काठी तिथंच टाकून पळाली. तिला गेल्या सहा वर्षांत कुणी काठीशिवाय चालताना पाहिलं नव्हतं. क्रुश्कोवोत काही लोक आजही सांगतात की तो चमत्कार होता. पण निरीक्षकाच्या कागदावर चमत्काराला रकाना नाही.

"रुग्ण उपस्थित नाही," त्यांनी लिहिलं. "आता एकदाच."

ते गेले तशी स्मिल्याना बाहेरच्या खोलीत आली आणि व्हुकाशिनांच्या हातातला पेपर तिनं काढून घेतला. एकेचाळीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही एक शब्द बोला त्यांच्याशी. एकच. तुमचं ऐकतात."

"काय बोलू, पोरी?"

"की यंत्रानं काही होत नाही."

"आणि झालं तर?"

"तुम्ही डॉक्टर आहात हो! शिकलाय तुम्ही! प्रोमाया असा काही रोगच नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

व्हुकाशिनांनी इकडंतिकडं पाहिलं, दार लागलंय याची खात्री केली, आणि हळूच म्हणाले, "पुस्तकात नाही, हे माहीत आहे. पण पुस्तकं लिहिणारे बसायचे कुठं? दारं लावूनच ना? मी एकेचाळीस वर्षं खिडक्या बंद ठेवून दात काढले. एकाची तरी मान धरली?"

"दात तरी राहिला का एकाचा?"

हे जरा जास्तच झालं. व्हुकाशिनांनी पेपर मागून घेतला आणि उलटा धरून वाचायला लागले. दोब्रिलानं तोंडावरचा हात आणखी घट्ट धरला. स्मिल्याना आत गेली, दार लावलं, आणि आपल्याच खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची मागं झुकली. उठवायला दुसरं माणूस हवं होतं, आणि हाक मारायची तिची इच्छा नव्हती. तेव्हा ती तशीच पडून राहिली, वरचा दिवा बघत, आणि तिच्या मनात आलं की बेलग्रेडमधल्या सातव्या खुर्चीला निदान आपोआप उठता येत होतं.

आता तिसरी खेप. तो दिवस एवढा गरम होता की चौकातल्या पुतळ्याचा घोडा सावलीत सरकला असं दोघातिघांनी पाहिलं. ल्युबिसाव आले. गळ्याशी रुमाल होता, कॉलरच्या आत नीट दुमडून खोचलेला. स्मिल्यानानं तो पाहिला आणि तिला पहिल्यांदाच शंका आली. आधीच्या दोन्ही वेळांना या माणसानं पट्टी हात लांब करून, जेवढा लांब होईल तेवढा करून धरली होती. नियम मोजायला आलेला माणूस स्वतः भिंतीला पाठ लावून उभा होता.

"रुग्ण?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. बाहेर फक्त व्हुकाशिन. स्मिल्यानानं दार उघडलं.

"डॉक्टरसाहेब, आत या. पंधरा मिनिटं बसा. मी काही करणार नाही, नुसते दात तपासते."

"कुठले दात?" व्हुकाशिन म्हणाले. त्यांनी तोंडात बोट घातलं आणि वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही पेपरवर ठेवल्या. "घ्या. माझ्याच हातच्या. बसवा खुर्चीत." कवळीशिवाय त्यांचा आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा येत होता.

ल्युबिसावांनी खरंच नियमावली काढली आणि दोन पानं चाळली. "कवळी हा रुग्ण धरता येत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तशी तरतूद नाही."

स्मिल्यानाच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. हे सगळे तिच्याच दवाखान्यात तिच्याभोवती जमून तिचा दवाखाना कसा बंद होतो ते बघत होते. कॉफी पीत. तिचीच कॉफी.

"सिस्टर," ती म्हणाली, "खुर्चीत बसा."

दोब्रिलानं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"मी?"

"तुम्ही."

"मी सिस्टर आहे. मी या बाजूला उभी राहते."

"आज त्या बाजूला. दोब्रिलाताई, मी विनंती करत नाही. हा दवाखाना माझा आहे आणि मी सांगते आहे, बसा. नाहीतर उद्या दोघींनी बाहेर उभं राहून दारावरची लाख बघायची."

संडासातला कॉम्प्रेसरसुद्धा थांबला. दोब्रिलानं व्हुकाशिनांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात दात नव्हते, त्यामुळे मत देता येईना.

"बसते," ती म्हणाली. "पण तयारीनं."

तयारीला वीस मिनिटं लागली. आधी दोन्ही कानांत कापूस. मग लोकरीची टोपी, कानांवर ओढलेली. तो तपकिरी स्वेटर. त्यावर स्वतःचा. गळ्याला शाल, दोन वेढे. कमरेला ब्लँकेट, पाय ब्लँकेटात, आणि त्यावर इस्त्रीखाली अंथरायचं जाड कापड. ती खुर्चीत बसली तेव्हा खुर्चीत माणूस आहे की बाजारहाटाचं गाठोडं, हे सांगणं कठीण होतं. ल्युबिसाव जरा वाकले.

"आत कुणी आहे का?"

"आहे!" गाठोडं म्हणालं.

"नाव सांगा, लिहायचं आहे."

स्मिल्यानानं दार लावलं. यंत्र सुरू केलं. खुर्ची झुकवली. "आ करा."

गाठोड्यातून एक हात बाहेर आला आणि सवयीनं तोंडावर गेला. स्मिल्यानानं तो हळूच धरून बाजूला केला. एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तो हात तिथून हलला होता. तिनं आरसा आत घातला आणि दिवा वळवला.

खालची उजवी दाढ. आतून पोखरून विहिरीसारखी झालेली. वर लवंगांचा थर, जुन्या भिंतीवरच्या रंगासारखा, पापुद्र्यावर पापुद्रा. दाताच्या दवाखान्यातली सिस्टर.

"किती वर्षं दुखतेय ही?"

"अ... अका."

"अकरा?"

गाठोडं हललं. म्हणजे हो.

दाराबाहेरून व्हुकाशिनांचा आवाज आला. कवळ्या परत बसवल्या होत्या त्यांनी. "दोब्रिला! अकरा वर्षं? आणि मला कधी बोलली नाहीस?"

दोब्रिलानं आरसा बाजूला ढकलला, टोपी वर केली आणि ओरडली, "तुम्ही काढली असतीत!"

बाहेर पेपरचं पानसुद्धा उलटलं गेलं नाही.

स्मिल्याना खाली वाकली. राग कुठं गेला होता कळेना. जागा सोडून गेला नव्हता, नुसता बाजूला सरकून उभा होता. "मी काढणार नाही," ती म्हणाली. "मुळं चांगली आहेत. वाचेल ही. वेळ लागेल पण."

"नक्की?"

"नक्की."

"आणि वारा?"

"वारा राहील."

दोब्रिलानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. स्मिल्यानानं भूल दिली, ड्रिल घेतलं. ल्युबिसावांनी पट्टी धरली. पट्टी मस्त फडफडली. त्यांनी मान आत घेतली. यंत्र गुणगुणत होतं, हवा या भिंतीतून त्या भिंतीत जात होती, आणि मधे ते उभे होते. चौथ्या मिनिटाला त्यांनी कॉलर वर केली. सहाव्याला मान हनुवटीपर्यंत आत गेली. आठव्याला कासव झालं होतं.

"झालं," ते म्हणाले. "दिसलं मला. सही करतो. जातो."

"पंधरा मिनिटं आहेत, साहेब. नियम तुमचा आहे."

"पंधरा धरतो मी."

"धरू नका, बसा." तिनं मान वर केली नाही. "आणि जायचं तर जा. पण दार उघडलंत की यंत्र चालू, दार उघडं, आणि बरोब्बर मधे तुम्ही."

ल्युबिसावांचा हात दाराच्या मुठीवर होता. तो तिथंच थिजला. त्यांनी दाराकडे पाहिलं, भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढली. ती रेघ त्यांच्या मानेतून जात होती.

"मग ते बंद करा आणि मी जातो."

"काम चालू असताना बंद करता येत नाही. तुमच्याच कागदावर आहे."

"मग काम कधी संपेल?"

"तीन मुळं आहेत."

असे ते एक तास दहा मिनिटं उभे राहिले. हवा तेवढ्या वेळात नऊ वेळा आणि थोडी बदलली. शेवटी शेवटी त्यांनी पिशवी डोक्यावर धरली होती. सही त्यांनी एवढ्या घाईनं केली की ल्युबिसाव या नावात नसलेली दोन अक्षरं त्यात आली. पण शिक्का सरळ उमटला, आणि परवान्यावर मालक म्हणून जे नाव लिहिलं होतं ते वाचता येत होतं. स्मिल्यानानं ते तीनदा वाचलं.

यंत्र बंद झाल्यावर दार उघडलं, आणि निरीक्षक असे गेले की पिशवी मागाहून गेली.

आता इथं गोष्ट गोड व्हायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोब्रिला आली ती डाव्या बाजूला बघत. दारातून येताना डावीकडे बघत होती, कॉफी करताना डावीकडे बघत होती, आणि "सुप्रभात" म्हणाली तीही डावीकडच्या कपाटाला.

"मान धरली," ती म्हणाली. आणि जवळजवळ आनंदानं म्हणाली.

"धरणारच!" स्मिल्यानाचा आवाज चढला. "तुम्ही तासभर मान दगडासारखी ताठ ठेवून बसला होतात! दोन स्वेटर, एक शाल! घोड्याचीही धरली असती!"

"मी तेच म्हणते. शाल नसती तर मोडलीच असती."

"आणि दाढ?"

दोब्रिलानं जिभेनं चाचपून पाहिलं. हात तोंडाकडे निघाला आणि अर्ध्यातून परत गेला. "दाढ गप्प आहे," तिनं कबूल केलं. "दाढेचं श्रेय तुमचं. मानेचं यंत्राचं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, डॉक्टरीणबाई."

क्रुश्कोवोनं मात्र फक्त मान पाहिली. दोब्रिला पावाच्या दुकानात डावीकडे बघत गेली आणि डावीकडे बघत आली, आणि दुपारपर्यंत गावाला कळलं की डॉक्टर स्मिल्यानाचं यंत्र माणसाचं डोकं फिरवून उलटं बसवतं. संध्याकाळी पलीकडच्या खेड्यात कळलं की दोब्रिलाला आता मागं बघत पुढं चालावं लागतं. पाच दिवस एक माणूस आला नाही. परवाना भिंतीवर काचेत होता, त्याखाली स्मिल्याना बसली होती, आणि समोर व्हुकाशिन पेपर वाचत होते. निदान करायला आता त्यांच्याकडेही कुणी नव्हतं. एकदा त्यांनी पेपर खाली केला, म्हणाले, "पोरी, दोब्रिलाची दाढ बघितली मी. चांगली केलीस," आणि पुन्हा वर केला. कॉफी त्या दिवशी दोन कप आली.

सहाव्या दिवशी दार उघडलं. ग्वोझ्देन. डावा गाल दुधी भोपळ्याएवढा सुजलेला, डोळा बंद. लोखंडी माणूस दाराची चौकट धरून उभा होता आणि चौकट हलत होती.

"परवाना मिळाला म्हणे?" त्यानं अर्ध्या तोंडानं विचारलं.

"मिळाला, काका."

"शिक्का बसला?"

"बसला. तो बघा."

त्यानं एका डोळ्यानं परवाना पाहिला, शिक्का पाहिला आणि सुटकेचा निःश्वास सोडला. खुर्चीत जाऊन बसला. "देवाची कृपा. म्हणजे आता बंद करा ते."

स्मिल्यानाला आधी कळलंच नाही. मग कळलं. गावाला वाटत होतं की तो कागद म्हणजे यंत्र बंद करायची परवानगी; हे सगळं, तीन खेपा, लाख, निरीक्षक, त्यासाठीच चाललं होतं. जो मिळवायला तिचा महिना गेला, तो कागद तिच्याच विरुद्ध हातात धरून हा माणूस खुर्चीत बसला होता. बटण तिच्या कोपराशी होतं. दाबलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाहेरची खोली भरली असती. कुणालाही कळलं नसतं, ल्युबिसाव तर या जन्मात परत येणार नव्हते.

"नाही," ती म्हणाली.

"पण परवाना..."

"परवाना माझा आहे, बटण माझं आहे, आणि ते चालू राहणार. दाढ तुमची आहे. काय करायचं ते बोला."

ग्वोझ्देननं बराच विचार केला. गाल ठणकत होता, ते दिसतही होतं. शेवटी त्यानं कुरकुरत खिशातून मेंढीच्या कातड्याची टोपी काढली, कानांवर ओढली, दोन्ही टोकं हनुवटीखाली बांधली. यंत्र गुणगुणतच होतं. त्यानं डोळा मिटला आणि तोंड उघडलं, कॉफीचा चमचा आडवा जाईल एवढंच.

"आणखी," स्मिल्याना म्हणाली.

"आणखी उघडलं तर आणखी जाईल आत."

"आणखी, काका."

त्यानं ते चिमूटभर उघडलं.

"आणखी!"